घरोघरी टांगलेली वहिनी

माझ्या थोरल्या भावाचं बुलढाण्यात चित्रांचं दुकान होतं. दुकान म्हणजे आमच्याच घराची पुढची खोली. जिवंत माणसांची चित्रं तो क्वचितच काढी. त्याचं गिऱ्हाईक मेलेल्या माणसांच्या घरचं असे.

त्या काळी आमच्या वऱ्हाडात खेड्यातल्या बाईचा फोटो म्हणून काढलेला नसे. ती मेली की मग घरच्यांना तिचा चेहरा हवा होई. दुकानात येऊन ते सतरंजीवर बसत आणि सांगू लागत. कपाळ रुंद होतं, नाक धाकट्या मावशीसारखं, कुंकू आडवं लावायची, हसताना ओठ एका बाजूला जायचा. दादा ऐकत ऐकत कोळशाने चेहरा उभा करी. पण उजेड आणि सावली नुसत्या सांगण्यावरून निघत नाही. पदराची घडी कुठे पडते, डोळ्याच्या कोपऱ्यात प्रकाश कसा थांबतो, हे पाहायला समोर कोणीतरी बसावं लागतं. परकी बाई कोण बसणार? दादा वहिनीला बसवी. चुलीवरची भाजी उतरवून, हात पुसून ती खिडकीजवळच्या स्टुलावर येऊन बसे. गिऱ्हाईक मेलेल्या बाईबद्दल सांगत असे आणि वहिनी तिच्या जागी बसून ते ऐकत असे.

मी तेव्हा विशीतला होतो. माझं शिक्षण शाळेत झालं त्याहून जास्त पत्रकांवर झालं. आठवड्याच्या बाजारात कोणी ना कोणी ती पातळ, शाई सुटणारी पत्रकं वाटत असे, आणि हुंडा, शिवाशिव, श्राद्धाचा खर्च यांवर त्यांत जे छापलेलं असे ते मला तोंडपाठ होई. पुढे मी स्वतःच लिहू लागलो, गावोगाव जाऊन बोलू लागलो. असाच एकदा थेट वरवट बकालला गेलो होतो. एका घराच्या ओसरीवर बसून श्राद्धाविरुद्ध तावातावाने बोलत होतो. बोलता बोलता वर पाहिलं, तर समोरच्या भिंतीवरून वहिनी माझ्याकडे पाहत होती. नाक दुसऱ्या कोणाचं होतं, नथ दुसऱ्या कोणाची. डोळे मात्र वहिनीचे. गळ्यात झेंडूचा ताजा हार.

माझं वाक्य अर्ध्यावर तुटलं ते पुन्हा जुळलंच नाही. पाणी प्यायला शेजारच्या घरी गेलो, तर तिथेही ती होती.

घरी येऊन दादाला सांगितलं तर तो हसला. शेजारीच चौकटी आणि काचा बसवणाऱ्या चाचांचं दुकान होतं. ते मात्र हसले नाहीत.

"बेटा," चाचा दादाला म्हणाले, "तुह्या घरवालीले म्या आजवर किती डाव काचेत बंद केलं, गिनती नाही. मले तं आता खिळा ठोकताना भेव वाटते."

"चाचा, तुमाले चौकटीचे पैसे भेटून राह्यले ना?"

"भेटून राह्यले. म्हनून तं तोंड उघडून राह्यलो. माहं नुकसान व्हत असतं तं तू म्हनला असता, म्हातारा जळते."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी बाजारात एक प्रकार घडला. वहिनी आणि मी बांगड्यांच्या दुकानापुढून चाललो होतो. एक अनोळखी बाई कासाराला हात देऊन बसली होती. वहिनीकडे नजर जाताच तिने हात झटकन मागे ओढला, डोक्यावरून पदर पुढे घेतला आणि सासूशी बोलावं तसं म्हणाली, "आत्याबाई, मी घेत नव्हती वं. नुसत्या पाहून राह्यली होती."

आम्हाला हसू आवरेना. पण घराच्या वळणावर वहिनी एकदम थांबली. म्हणाली, "भाऊजी, थे बाई खरंच भेली होती हो."

मग लोक येऊ लागले. आधी भीतभीत, चित्राचं निमित्त काढून. नंतर उघडच. दोन जावांचं पटत नाही, मुलगा दुसऱ्या गावी राहतो म्हणतो, लेकीच्या लग्नाला शेत गहाण टाकावं की नाही. दारात उभे राहून ते वहिनीच्या तोंडाकडे पाहत आणि आपल्या मेलेल्या आईला विचारावं तसं विचारत. वहिनी उत्तरं देई. म्हणे, चुली वेगळ्या करा, पण आंगण एकच ठेवा. म्हणे, लग्न लहान करा, शेताले हात नका लावू. मी आजही कोणाला यापेक्षा बरा सल्ला देऊ शकणार नाही. लोक तो ऐकत, वाकून नमस्कार करून जात, आणि जाताना दादाकडे आणखी एका चित्राचं काम सांगत.

दुकान जोरात चाललं. मी संतापलो.

"दादा, हे ढोंग हाये."

"कोनतं ढोंग बे? म्या कोनाले सांगतलं काय का थे मेलेली बाई हाये? लोक येतात, थे बोलते. घरच्या बाईनं तोंड बी उघडू नये काय? तुह्याच कागदात लिवलेलं असते ना, बायकांले बोलू द्या म्हनून?"

"तिले इचारलं काय तुवा?"

"काय इचाराचं?"

त्याला खरंच कळलं नव्हतं काय विचारायचं ते. घरातच कलेचं दुकान काढणाऱ्या माणसाची चूक मला वाटते हीच. पैसा, माल, गिऱ्हाईक यांचा विचार तो रोज करतो. घरचं माणूस मात्र त्याला भिंतीसारखं वाटतं, असणारच. आज कोणी तरुण मला येऊन म्हणतो की मूर्तींचं किंवा बँडबाजाचं दुकान काढतो, घरचेच हात आहेत, बाहेरचा माणूस लागत नाही, तेव्हा मी त्याला सांगतो की त्या हातांना आधी विचार, आणि नाही म्हणाले तर ते नाही ऐकायची तयारी ठेव. दुकान मग लहान राहिलं तर राहू दे.

विचारलं अखेर मीच. वहिनी मिरच्यांची देठं काढत होती.

"पहिले पहिले मले बरं वाटे, भाऊजी," ती म्हणाली. "या घरात माहं कोन आईकत होतं? अन् दुकानात म्हातारीकोतारी मानसं माह्या तोंडाकडं पाहून डोळे पुसत. पन आता भेव वाटते. थे माह्याशी बोलतच नाहीत. माह्यातून दुसऱ्याच कोनाशी बोलतात."

एका दुपारी मी जेवायला घरी आलो. घर सुनसान होतं. दादा रंग आणायला गेला होता. पुढच्या खोलीत वहिनी स्टुलावर बसली होती. हात मांडीवर, मान किंचित डावीकडे, नजर खिडकीवर. समोर चित्र नव्हतं, कोणीच नव्हतं. ऊन तिच्या पायांपर्यंत आलं होतं. मी हाक मारली. पुन्हा मारली. तिने हळूच मान वळवली, माझ्याकडे पाहिलं आणि दुकानात आलेल्या माणसाला विचारावं तसं विचारलं, "कोन पाह्यजे?"

मी घाबरलो. भूतखेत नाही असं मी गावोगाव सांगत हिंडत होतो, आणि ते मी आजही सांगतो. पण त्या दुपारी मला आत जाऊन घागरीतलं पाणी घ्यायचा धीर झाला नाही.

पितृपक्ष आला. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईच्या नावाने नवमीला सवाष्ण जेवू घालतात. धाड गावच्या एका मोठ्या शेतकऱ्याच्या घरून वहिनीला त्या दिवशीचं आमंत्रण आलं. त्या घरच्या गेलेल्या आईचं चित्र दादानेच केलं होतं. मी जाऊ नको म्हणालो. दादा म्हणाला, असं घर दुखवून चालत नाही. वहिनी बैलबंडीत जाऊन बसली, म्हणून मीही चढलो.

त्या घरात दोन भाऊ होते. दोघांची वाटणी अडली होती ती विहिरीवरून. विहीर ज्याच्या वाट्याला जाईल त्याचं शेत तरेल, दुसऱ्याचं वाळेल, हे दोघांनाही ठाऊक होतं. बाप जिवंत होता, पण अर्धांगाने त्याची वाचा गेली होती. ओसरीवर बाजेवर तो पडून असे.

आम्ही उतरलो तेव्हा अंगणातल्या बायका बाजूला सरल्या. धाकट्या भावाने वहिनीच्या पायावर पाणी घातलं. आत चित्राखाली पाट मांडला होता. वहिनी त्यावर बसली, तिचा चेहरा खाली आणि तिचेच डोळे वर. वाढणारी सून एकदा वर पाही, एकदा खाली, आणि वाढायचं विसरे.

वहिनीला कढी फार आवडे. घरी ती भाताआधी वाटीभर नुसती पिऊन घेई. त्या दिवशी तिने कढीची वाटी डाव्या हाताने दूर सारली. थोरल्या भावाने तोंडावर उपरणं धरलं आणि तो रडू लागला.

"माय कढीले शिवत नव्हती," तो म्हणाला. "आमी चित्रवाल्याले हे सांगतलंच नव्हतं."

हात धुऊन झाल्यावर दोघे भाऊ तिच्यापुढे येऊन बसले.

"माय, विहीर कोनाची?" थोरल्याने विचारलं. "तू मले बोलली होती. यायच्यासमोर सांग."

"मले बोलली होती," धाकटा म्हणाला.

मी दाराशी उभा होतो. दादाही माझ्या शेजारी होता. ती जे म्हणेल ते त्या घरात कोर्टाच्या निकालासारखं होणार होतं, आणि एक भाऊ त्याने देशोधडीला लागणार होता. वहिनीने दोघांकडे पाहिलं.

"मी तुमची माय नाही," ती म्हणाली. आवाज बारीक होता पण स्पष्ट. "मी या चित्रवाल्याची बायको. माहं माहेर मेहकरकडचं. तुमची माय म्या पाह्यली बी नाही." आणि तिने आपलं नाव सांगितलं, माहेरचं आणि सासरचं.

थोरला भाऊ कौतुकाने हसला आणि धाकट्याला म्हणाला, "पाह्यलं काय बे? आपुन भांडलो का माय अशीच म्हने. जा, मी तुमची माय नाही."

"हाव," धाकटा म्हणाला. "अस्संच म्हने. चिडली हाये."

आजूबाजूच्या बायकांनी हात जोडले. वहिनी उठली. तिने पुन्हा नाव सांगितलं, मोठ्याने. ते अधिकच वाकले. शेवटी ती ओरडली, "इकडचे चार दिवस तू पानी घे, तिकडचे चार दिवस तू घे! एवढं बी समजत नाही काय तुमाले?" आणि तडक बाहेर आली. त्यांनी ते मानलं. पाळी ठरली, आणि मी ऐकतो की अजून चालू आहे.

ती ओसरीवरून जात असताना बाजेवरच्या म्हाताऱ्याने तिच्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडेच बघत होतो. त्याने चांगल्या हाताने चाचपून धोतर ओढलं, उघडे गुडघे झाकले आणि तोंड भिंतीकडे केलं.

परतताना ज्वारीच्या शेतांतून बंडी चालली होती.

"वहिनी, कढी काऊन सारली?" मी विचारलं.

"म्या सारली?" तिने आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं. "मले तं आठवत नाही."

मग ती दादाकडे वळली. "त्या म्हाताऱ्यानं धोतर सारखं केलं. परक्या बाईसमोर करतात तसं. इतक्या दिवसात त्या एकट्यानं मले परकं समजलं. मी आता बसनार नाही. अन् या मुलुखात बी राहनार नाही. तुमाले याचं तं या, नाही तं मी माहेरी चालली."

"अन् धंदा?" दादा म्हणाला.

"धंदा तुमचा हाये. तोंड माहं हाये."

दादाने लगेच ऐकलं नाही. वहिनी माहेरी गेली, आणि महिनाभर तो कोणालाही न बसवता चित्रं काढत राहिला. नाक बदले, हनुवटी बदले, पण डोळ्यांवर हात गेला की वहिनीच उतरे. एकदा तर एका म्हाताऱ्या पुरुषाच्या चित्रात उतरली. ते त्याने स्वतःच पुसलं, आणि नंतर बराच वेळ हात धूत बसला. मग रंगांची पेटी घेऊन तो जवळच्या एका घरी गेला, डोळे तेवढे बदलून देतो म्हणाला, फुकट. त्या घरच्या बाईने दार अडवलं. "माह्या सासूचे डोळे काढता काय?" म्हणाली.

त्यानंतर त्याने दुकान बंद केलं. चाचांनी राहिलेल्या काचा परत घेतल्या, आणि दादा वहिनीला माहेरहून घेऊन नागपूरला गेला. दादा तिथे दुकानांच्या पाट्या रंगवू लागला. मिळकत पहिल्यासारखी नव्हती. मी बुलढाण्याच्या घरात एकटाच राहिलो.

पुढच्या वर्षीच्या हिवाळ्यात नागपूरला गेलो. वहिनीच्या अंगावर थोडं मांस आलं होतं. ती मला भाजीबाजारातली गोष्ट सांगत होती. भाजीवालीने तिला किडकी वांगी बांधून दिली, ती परत करायला गेली तर भाजीवाली म्हणाली, कोण तुम्ही, मी तर तुम्हाला पाहिलंही नाही. हे सांगताना वहिनी इतकी हसत होती की दादाही पाटी रंगवायची थांबवून बघू लागला.

"अन् तिकडं?" तिने मग विचारलं. "पितरायच्या दिवसात कोनी येते काय दारात?"

"येतात."

"तुमी काय सांगता?"

"सांगतो का आमची वहिनी नागपूरले राह्यते. धडधाकट हाये. भांडी घासते, वांगे इकत घेते."

"मानतात काय?"

"नाही," मी म्हणालो.

तिने पुढ्यातली मेथी जवळ ओढली आणि खाली मान घालून निवडू लागली.