मिस्त्रीच्या कमरेतली नवी चकती

मिस्त्रीने उभा जन्म गुडघ्यांवर काढला, असं त्याची बायको म्हणायची. फरशी बसवणाऱ्याचं कामच तसं. ओणवं व्हायचं, सिमेंटचा ओला माल पसरायचा, फरशी टेकवायची, रबरी हातोड्याने ठोकायची आणि मागे सरकायचं. काम संपलं की दारात फळी आडवी लावून तो घरमालकाला दम द्यायचा, "उद्यापर्यंत पाय ठेवायचा नाही. फरशी हलली तर मला बोलवू नका." एका न्यायाधीशांना त्याने त्यांच्याच घराबाहेर चपला हातात घेऊन उभं केलं होतं.

पंचेचाळिशीत त्याच्या कमरेची सगळ्यात खालची चकती झिजली. डावा पाय सतत ठणकायचा. सर्जन म्हणाले, दोन मणके कायमचे जोडून टाकता येतील, नाहीतर झिजलेली चकती काढून कृत्रिम बसवता येईल, म्हणजे कंबर वाकत राहील. वाकता आलं नाही तर खायचं काय? त्याने चकती निवडली. पण चिरा पोटावर देणार हे ऐकून त्याची बोबडीच वळली.

"दुखतंय मागे आणि हे कापणार पुढून?"

"मागच्या दाराला कुलूप असेल," बायको म्हणाली. म्हणाली खरी, पण फाइल तिने तीनदा पिशवीत घातली आणि तीनदा बाहेर काढून पाहिली.

ऑपरेशन नीट पार पडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी व्यायाम शिकवणारी मुलगी आली. "काका, उठू या. आज दारापर्यंत जायचंय."

"चक्कर येतेय."

संध्याकाळी मळमळत होतं. त्याच्या दुसऱ्या दिवशी टाके ओढत होते. तो ओंडक्यासारखा उताणा पडून होता, शिंकसुद्धा दाबत होता. त्या मुलीने बायकोला बाहेर बोलावून सांगितलं, "असेच पडून राहिले तर पायात रक्ताची गुठळी होऊ शकते. ती छातीत गेली तर जिवावर बेतेल."

बायको आत आली ती पांढरीफटक होऊन. "चक्कर खोटी आहे ना?"

तो छताकडे बघत अगदी हळू म्हणाला, "अगं, ओलं आहे अजून."

"काय ओलं?"

"परवाच बसवलीय. भार दिला आणि सरकली म्हणजे? आतून उचकटून पुन्हा कोण बसवणार?"

तिला हसू फुटणार होतं, पण त्याचे डोळे बघून तिने ते आवरलं. तिने त्या मुलीला पुन्हा आत बोलावलं.

"काका, आत सिमेंट नाही हो," मुलगी म्हणाली. "चकतीच्या पत्र्यांना काटे असतात. ते हाडात रुतलेत. चालायला हरकत नाही, असं सर्जननीच सांगितलंय."

"सांगायला काय जातं!"

"तुम्ही फरशीवर हातोडा कशाला मारता?" बायको एकदम म्हणाली. "सरकावी म्हणून?"

तो पुटपुटला, "बसावी म्हणून."

दोघींनी त्याला कुशीवर वळवलं, पाय खाली सोडले, उभं केलं. त्याची बोटं बायकोच्या खांद्यात रुतली. कपाळावरून घाम निथळत होता. आत काही करकरतंय का, म्हणून तो श्वास रोखून कानोसा घेत होता.

"टाका पाऊल," बायको म्हणाली.

"थांब जरा."

"थांबलेच आहे की."

त्याने डोळे गच्च मिटले आणि पाय पुढे टाकला. पोटातून कळ आली.

"सरकली?"

"तुम्ही सरकलात," बायको म्हणाली. "वीतभर."

त्याने डोळे उघडले नाहीत. तिचा खांदाही सोडला नाही. दुसरा पाय मात्र उचलला.