लाल पाटीचा मटणवाला

थोरल्याला राग कोणाचाही येत असे, पण हेवा वाटायचा तो एकाच माणसाचा. तो माणूस रस्त्यापलीकडे, बरोबर समोर, चिकनचं दुकान चालवायचा आणि त्याचा सख्खा धाकटा भाऊ होता.

दोघं बापाच्या मटणाच्या दुकानात एकाच लाकडी ओंडक्याभोवती लहानाचे मोठे झाले. बाप गेला आणि धाकट्याच्या डोक्यात कोंबड्यांचं खूळ शिरलं. "पिसं उपटणं हा काय धंदा झाला?" असं थोरला भर दुकानात, गिऱ्हाइकांच्या देखत म्हणाला. धाकट्याच्या ते मनाला लागलं. त्याने समोरचाच गाळा घेतला. तेव्हा आईने वाटणी केली ती अशी: सुरे, सत्तूर आणि ओंडका थोरल्याला, धारेचा दगड धाकट्याला. वेंधळेपणाने नाही, मुद्दाम. म्हातारी पक्की होती. एकमेकांची तोंडं बघू नका हवं तर, पण धार लावायला सुऱ्यांना रस्ता ओलांडावाच लागेल, असा तिचा डाव होता.

आणि तो चाललाही. सोमवारी दोन्ही दुकानं बंद. थोरल्याची बायको सुरे फडक्यात गुंडाळून दिराकडे द्यायची आणि संध्याकाळी घेऊन यायची. तो दगड आधी सकाळभर पाण्यात भिजवावा लागतो. कोरड्या दगडावर घासलं की पोलादाची वाट लागते. धाकटा ते काम चोख करायचा. भाऊ भावाशी अवाक्षर बोलत नव्हता, पण सुरे मात्र केसासारखे बारीक कापत होते.

मग सरकारचा नवा कर आला. हवा तापवणाऱ्या खाण्यावर जास्त, कमी तापवणाऱ्यावर कमी. शिडी घेऊन आलेल्या साहेबांनी थोरल्याच्या दारावर लाल पाटी ठोकली.

"बकऱ्या-मेंढ्या ढेकर देतात," साहेब म्हणाले. "त्यातून वायू निघतो. तो हवेत साठतो."

"ढेकर?" आतल्या खाटेवरून आई म्हणाली. "अहो, ह्यांचा बाप जेवून उठला की भांडी वाजायची. त्याला कधी कोणी पाटी लावली नाही."

साहेब हसले. थोरला हसला नाही, कारण शिडी रस्त्यापलीकडे निघाली होती आणि धाकट्याच्या दारावर पिवळी पाटी चढत होती. पिवळी म्हणजे थोडासाच कर. कोपऱ्यावरच्या कडधान्यवालीला तर पाटीच नाही. ती उगाच दारात उभी राहून आपलं रिकामं दार कौतुकाने बघत होती.

पुढे काय झालं ते सांगायला नकोच. गिऱ्हाइकं रस्ता ओलांडू लागली. निवृत्त मास्तरीणबाई तर बापाच्या काळापासूनच्या. त्या येऊन सरळच म्हणाल्या, "तुझ्यावर राग नाही हो माझा. पण मागचा उन्हाळा आठवतो ना? नातवंडांना अजून किती काढायचेत." थोरल्याला उन्हाळा आठवत होता. बकऱ्या पाळणाऱ्याकडे चारा नव्हता, आलेलं जनावर हाडांचा सापळा होतं. पण बाई दुकानातून उतरून उजवीकडे घरी न वळता सरळ पलीकडे गेल्या, आणि उन्हाळा राहिला बाजूला, थोरल्याच्या अंगाचा तिळपापड झाला.

आता त्याला काम कमी आणि बघायला वेळ जास्त. धाकट्याने काच पुसली की याच्या पोटात दुखे. धाकटा कोणाशी हसला की तो आपल्यालाच हसला असं वाटे. पलीकडे नवा पंखा लागला त्या दिवशी तर हा जेवला नाही. "मटण कापायला हात लागतो," तो बायकोला म्हणायचा. "ती कोंबडी काय, कात्रीनेसुद्धा कापतात."

"मग जळता कशाला?" बायको विचारायची.

"मी? मी कशाला जळू?" असं म्हणून तो पुन्हा खिडकीशी जायचा.

एक गोष्ट मात्र अजून त्याची होती. आईच्या तोंडात दात नव्हता. रोज दुपारी तो दोन हातांत दोन सुरे घेऊन तिच्यापुरता खिमा करायचा, यंत्राला न लावता, लोण्यासारखा. आईला दुसऱ्या कोणाच्या हातचं चालत नसे आणि हे ती चारचौघांत सांगायची. सगळी गल्ली पलीकडे जाऊ दे, तो मनाशी म्हणायचा, आईची वाटी तरी माझी आहे.

आणि नेमकी तीच त्याने स्वतःच्या हाताने घालवली. एका सोमवारी बायकोने फडकं काढलं तर हा म्हणाला, "नको. आता आपली धारही त्याच्याच हातची का?" कुठून तरी विजेवर फिरणारं जुनं चाक आणलं आणि ठिणग्या उडवत सगळे सुरे त्यावर धरले. बापाने जन्मभर सांगितलं होतं की पातं तापलं की मेलं. याला ते माहीत होतं, तरी केलं. पात्यांच्या कडा निळ्या पडल्या. सुरे कापेनात, मांस चेंगरायला लागले. खिम्यात शिरा राहू लागल्या.

आईने पहिल्या दिवशी काढून ठेवल्या. दुसऱ्या दिवशी वाटी सरकवली. "भूक नाही रे," म्हणाली. मग ती दुपारची काठी घेऊन पाय मोकळे करायला जाऊ लागली, आणि आल्यावर तिची मुद्रा तृप्त दिसायची. थोरल्याला वाटलं, चालल्याने प्रकृती सुधारतेय.

पुढच्या एका सोमवारी तो खिडकीशी उभा होता. आई खाली उतरली, रस्ता ओलांडला आणि धाकट्याच्या दुकानाचं अर्धं शटर वर झालं.

हा चपला न घालताच धावला. आत जाऊन बघतो तर आई स्टुलावर, मांडीवर वाटी, वाटीत चिकनचा खिमा.

"हे काय चाललंय?"

"जेवण," आई म्हणाली.

"माझ्या हातचं चालत नाही आता?"

"अरे, आवडतं तुझ्याच हातचं. पण गिळता येतं ते याचं. मी काय करू?"

थोरला धाकट्याकडे वळला. इतक्या वर्षांचं साठलेलं एकदम बाहेर आलं. "सगळं घेतलंस. गिऱ्हाईक घेतलंस, मास्तरीणबाई घेतल्यास, आता आईची वाटीही हवी? मजा आहे बाबा पिवळ्या पाटीची."

"कसली मजा, दादा?" धाकटा म्हणाला. 'दादा' हा शब्द त्याच्या तोंडून किती वर्षांनी आला. "कर वाढवून पाटी नारिंगी करणार म्हणतात. लोक आताच मसूर घ्यायला लागलेत. त्या कडधान्यवालीकडची रांग बघितली की मला घास गिळत नाही."

हे ऐकून थोरल्याला बरं वाटलं. अगदी मनापासून. तो जरा मागे सरकला आणि त्याची टाच बादलीला लागली. पाणी हिंदकळलं. बादलीत बापाचा दगड होता.

"हा कशाला भिजवलास?"

"सोमवार आहे ना."

"सुरे तर येत नाहीत."

"नाही येत. पण आले असते तर? कोरड्या दगडावर घासले असते का?"

"दर सोमवारी भिजवतोस?"

धाकट्याने वाकून बादली भिंतीशी सरकवली. आईने वाटीतला घास तोंडात घातला आणि सावकाश गिळला.

थोरल्याला काय वाटलं म्हणाल, तर हेवाच वाटला, आणि असा की आजवरचे सगळे हेवे त्यापुढे फिके. गिऱ्हाईक सरकारने फिरवलं होतं. त्यात थोरल्याचा दोष नव्हता. पण हे? हे करायला पाटी लागत नव्हती, कर लागत नव्हता. हे त्यालाही करता आलं असतं आणि त्याने चाक आणलं होतं.

तो घरी गेला. परत आला तो सगळे सुरे घेऊन, फडक्याशिवाय, दिवसाढवळ्या, रस्त्याच्या मधून. ते त्याने धाकट्यासमोर ठेवले.

"निळे पडलेत. जाईल का?"

धाकट्याने एक पातं उजेडात धरलं. "जाईल. खूप घासावं लागेल."

"मग बस तोवर," आई थोरल्याला म्हणाली आणि उरलेली वाटी त्याच्या हातात दिली. तो खाली पोत्यावर बसला. जन्मात पहिल्यांदा त्याने भावाच्या हातचं चिकन तोंडात घातलं. दगडावर पातं फिरायला लागलं होतं.

"कसं झालंय?" आईने विचारलं.

फार चांगलं झालं होतं. त्याने वाटी चाटूनपुसून साफ केली.

"मीठ कमी आहे," तो म्हणाला.