माइकची शिटी

अड्याळच्या यादोरावांचा कान म्हणजे मांजराचा कान, असं झाडीपट्टीची नाटकं करणारे सांगत. दिवाळीनंतर गावोगाव भरणाऱ्या मंडईच्या जत्रेतल्या नाटकात माइकने शिटी मारायच्या आत त्यांचा हात बटणावर गेलेला असे. गोंदिया जिल्हा वेगळा झाला, तरी तिकडची मंडळंही यादोरावांचाच साउंड मागत. माणूस तसा तिरसट. तोंड माइकला चिकटवणाऱ्या नायिकेलासुद्धा सुनवायचे, "माइक खाऊ नोको, बाई." पण कामात खोट नव्हती.

मागच्या हंगामात मात्र घात झाला. पवनीकडच्या एका गावी ऐन मरणाच्या प्रवेशात माइकने अशी शिटी घातली, की मेलेला बापसुद्धा डोळे उघडून बघू लागला. सगळ्या मंडपाने कानात बोटं घातली आणि यादोराव मशीनपाशी निवांत चहा पीत बसलेले.

माइकच खराब होता, असं ते तेव्हापासून सगळ्यांना सांगत आले. सांगता सांगता ते त्यांचं त्यांनाच पटेनासं झालं. यंदाची मंडई तोंडावर आली होती आणि शहापूरच्या नाटक मंडळाचा कमलेश तारीख ठरवायला येणार होता. कान गेला असेल, तर हे काम गेलं. आणि या कामावाचून आपण कोण, हे खुद्द यादोरावांनाही ठाऊक नव्हतं. डॉक्टरला कान दाखवावा, तर गावभर बोभाटा. म्हणून त्यांनी घरीच एक ऑसिलेटर जुळवायला घेतला.

वस्तू साधीच. दोन ट्रान्झिस्टर, दोन कंडेन्सर, थोडे रेझिस्टन्स, जुन्या रेडिओतला छोटा स्पीकर आणि नऊ व्होल्टची बॅटरी. उखळात दोन बाया आळीपाळीने मुसळ घालतात, तसं त्या दोन ट्रान्झिस्टरचं चालतं. एक चालू झाला की दुसरा बंद. बटण फिरवलं की त्यांची लय वाढते आणि स्पीकरचा आवाज शिटीसारखा बारीक, आणखी बारीक होत जातो. कुठपर्यंत ऐकू येतो, तेवढंच यादोरावांना पाहायचं होतं.

सकाळच्या उन्हात ओसरीवर बसून त्यांनी सांधे डागले, बॅटरी जोडली. भुंग्यासारखा जाड आवाज निघाला. यादोराव खूश झाले. बटण फिरवत गेले, आवाज चढत गेला आणि अर्ध्यावर आला तोच गप्प झाला.

"कंडेन्सर गेला," ते पुटपुटले. दुसरा लावला. पुन्हा अर्ध्यावरच गप्प. मग ट्रान्झिस्टर बदलला, सांधे नव्याने डागले, स्पीकर बदलला. नाचता येईना अंगण वाकडं, तसं प्रत्येक वस्तूला दोष देऊन झाला.

असंच एकदा बटण वर ठेवून ते स्पीकरला कान लावून बसले होते. सहज समोर नजर गेली. अंगणात पाठमोरी बसून त्यांची बायको देवकाबाई लाखोळीची डाळ निवडत होती. तिचे खांदे कानापर्यंत चढले होते. यादोरावांनी बॅटरी काढली. खांदे खाली आले. बॅटरी लावली. खांदे पुन्हा वर.



"आवाज आयकू येऊन राहिला का तुले?" त्यांनी विचारलं.

देवकाबाई वळली. तिने आधी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, मग मशीनकडे. "नाही जी. खराबच दिसते तुमची मशीन."

उभ्या जन्मात ही बाई खोटं बोलली नव्हती. आज बोलली, तेही धड जमलं नाही. तिचे डोळे भरून आले.

"कवापासून ठाऊक हाये तुले?"

"पोळ्यापासून. कुकर शिट्ट्या मारून राहते आन् तुम्ही बाजूलेच बसून राहता."

"मंग सांगतलं काहून नाही?"

"सांगतलं असतं तं घरी बसले असते तुम्ही. घरी बसून काय झालं असतं तुमचं, मले समजत नाही का?"

यादोरावांना तिचा राग आला आणि तिची कीवही आली. तेवढ्यात कमलेशची मोटारसायकल दारात थांबली. तो नीट टेकतो न टेकतो तोच देवकाबाई घाईने म्हणाली, "तारीख सांगून द्या भाऊ. हे येतेत ना."

कमलेश पायाखालची जमीन पाहू लागला.

"ही काय सांगते, जाऊ दे," यादोराव म्हणाले. "मले माइकची शिटी आयकू येत नाही, कमलेश. यंदा दुसरा माणूस पाय."

कमलेशने मान वर केली. मग हळूच म्हणाला, "यादोभाऊ, मंडळानं मले तेच सांगाले धाडलं होतं. तुम्हाले कसं सांगू, हे सुचत नव्हतं."

तो चहा न घेताच गेला. यादोरावांनी बटण पार खाली आणलं. तो जाड आवाज पुन्हा सुरू झाला. तेवढा त्यांना ऐकू येत होता. बॅटरी उतरेपर्यंत ते तो ऐकत बसले, आणि देवकाबाईने बंद करा म्हटलं नाही.