पाऊण गोळी

धोंडुबाईचा दुसऱ्याच्या मापावर विश्वास नव्हता. भाजीवाल्यानं काट्यावर वांगी ठेवायच्या आधी ती म्हणायची, "पावणं, आधी शून्य दावा." गॅसचं सिलेंडर दारात आलं की दोन्ही हातांनी हलवून बघायची. देवळात तीर्थ देणाऱ्या गुरवाच्या पळीकडंसुद्धा तिची नजर जायची. मग मनातल्या मनात देवीची माफी मागून ती तीर्थ घ्यायची.

तिला तसं घडवलं दुधानं. लग्न होऊन उचगावात आली तेव्हा दारात दोन म्हशी होत्या आणि नवरा आकाराम उसाच्या कामात अडकलेला. शाहूपुरीत दुधाचे रतीब घालायचं काम तिच्याकडं आलं, ते थेट म्हशी विकेपर्यंत तिच्याकडंच राहिलं. एका घरी पाव लिटर, एका घरी अर्धा, पाहुणे आले की पाऊण, सणाला सव्वा. शाळा चौथीपर्यंत झालेली. पण सव्वात पाऊण मिळवलं की दोन, दोनातनं पाव काढलं की पावणेदोन, हे तिला चालता चालता यायचं.

दूधवाली म्हटल्यावर जो तो संशय घेणार. "मावशी, आज माप कमी वाटतंय," असं कुणी म्हटलं की धोंडुबाईचं उत्तर तयार असायचं. "अवो बाई, म्हस नवी व्यालीया. दूध दाट हाय. कमी घेतलं तरी पुरतंय." कधी दूध खरंच दाट असायचं. कधी किटलीच्या तळाला कमी पडलेलं असायचं. हे फक्त तिला आणि देवाला ठाऊक.

आता आकाराम नव्हता, म्हशी नव्हत्या. मुलगा बाळासो शिरोलीला फौंड्रीत कामाला होता. सून वर्षाराणी राधानगरीकडची, बारावी शिकलेली, पुढच्या खोलीत ब्लाऊज शिवायची. सून वाईट नव्हती. पण धोंडुबाईच्या मते वाईट नसणं वेगळं आणि विश्वासाची असणं वेगळं.

दोन वर्षांपूर्वी धोंडुबाईच्या काळजाची झडप बदलली होती. तेव्हापासून रक्त पातळ ठेवायची गोळी जन्माची मागं लागली. डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं होतं, "आजी, ही गोळी कमी पडली तर झडपेवर रक्ताची गाठ धरेल. जास्त झाली तर रक्त थांबायचं नाही. दोन्हीकडं जिवाला धोका." दीड गोळी ठरली. रोज संध्याकाळी देवापुढं दिवा लावून झाला की वर्षाराणी तिच्या तळहातावर एक आख्खी आणि एक अर्धी ठेवायची. धोंडुबाई ती उलटीसुलटी करून बघायची आणि मगच गिळायची.

एका शुक्रवारी तळहातावर आख्खी गोळी आलीच नाही. कोपरा उडालेला एक तुकडा आला.

"ही काय गं?"

"आत्ती, जुनी गोळी मेडिकलात मिळंना. डॉक्टरांस्नी फोन केलता. ही नवी जड हाय, दुप्पट ताकदीची. आता पाऊणच पुरतीया."

धोंडुबाईनं तुकडा दिव्याकडं धरला. पांढरा रंग तोच, जाडी तीच. जड असती तर हाताला कळली नसती का? पाऊणच पुरतीया. असली वाक्यं तिनं शाहूपुरीच्या दारादारांत विकली होती. दाट हाय, कमी घ्या. तिनं पाण्याबरोबर तुकडा गिळला आणि जपाची माळ घेऊन बसली. पण मणी पुढं सरकेनात. दीडातनं पाऊण गेली की उरते पाऊण. म्हणजे निम्मं औषध गेलं. गेलं कुठं?

दुसऱ्या दिवशी ती पाळतीवर राहिली. वर्षाराणीनं ब्लेडनं गोळीचे चार भाग केले, तीन बशीत काढले आणि चौथा बामच्या रिकाम्या डबीत टाकून डबी कपाटावर सरकवली. तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी मात्र पाकिटाला हातच लावला नाही. डबीतले साठलेले तीन तुकडे तसेच सासूच्या हातावर ठेवले.

"हे उरलंसुरलं मला?"

"उरल्यालं म्हंजे तुमचंच की. पाव, पाव न् पाव, झाली पाऊण. आख्खी गोळी फुकट कशाला मोडायची?"

हिशेब चूक नव्हता, आणि तेच धोंडुबाईला जास्त लागलं. चार दिवसांत दीडप्रमाणं सहा गोळ्या पोटात जायच्या होत्या. गेल्या तीन. इतकी नेटकी काटकसर करणारी बाई उरलेल्या तीन वाऱ्यावर सोडेल होय?

शेजारची तानाबाई निवडायला सुपात दळण घेऊन कट्ट्यावर येऊन बसली, तेव्हा धोंडुबाईनं तिच्यापुढं मन मोकळं केलं.

"आक्का, तिच्या आईला पण छातीचंच दुखणं हाय न्हवं?" तानाबाईनं विचारलं.

"व्हय. मागल्या दिवाळीला सांगत हुती."

"न्हाई, मी आपलं इचारलं." तानाबाई सुपातले खडे वेचत राहिली. "आता बघ, लेकीचा जीव आईकडं वडणारच. त्यात तिची तरी काय चूक?"

पुढचं धोंडुबाईनं स्वतःच जोडलं. वर्षाराणी महिन्याकाठी माहेरी जायची. जाताना पिशवी जड असायची.

बाळासोला सांगावं असं तिच्या मनात आलं, पण पोरगा बायकोचं ऐकणार हे धरून चालणं बरं. सुनेला विचारावं तर ती पुन्हा दाट दुधाचीच गोष्ट सांगणार. मग धोंडुबाईनं आपली वाट काढली. नव्या पाकिटाचा रिकामा झालेला, नाव छापलेला चकाकता तुकडा केरात सापडला, तो तानाबाईच्या हाती दिला. "मेडिकलात दाव न् असलंच एक आण. माझ्या नावानं न्हवं, तुझ्या नावानं." तानाबाईनं आणलं.

आता हिशेब सोपा होता. हवी दीड, सून देते पाऊण, कमी पडते पाऊण. धोंडुबाई सुनेची पाऊण गिळायची. मग वर्षाराणीचं मशीन सुरू झालं की न्हाणीघरात जाऊन अडकित्त्यानं आपली गोळी फोडायची, तीन भाग तोंडात टाकायची आणि उरलेला पाव तुकडा तंबाखूच्या चंचीत ठेवायची. तीन पाव साठले की चौथ्या दिवशी तेच घ्यायची. एकाच घरात दोन बायका एकमेकींच्या नकळत सारख्याच पद्धतीनं गोळीचे तुकडे साठवत होत्या.

तिला बरं वाटायला लागलं. आपलं आपल्याला पुरेपूर मिळतंय म्हटल्यावर झोपही लागली.

आठवडाभरानं मिश्री लावताना बोट लाल झालं. तिनं चूळ भरली, पाणी गुलाबी आलं. दुसऱ्या दिवशी दंडावर जांभळा डाग दिसला. बादलीची कडी नुसती घासली होती. मग मांडीवर एक, कोपरावर एक. धोंडुबाईनं पदर ओढून घेतला आणि देवघरासमोर बसून विचार केला. रक्त बिघडलंय. म्हणजे औषध कमीच पडतंय. म्हणजे सून देते ती पाऊणसुद्धा खरी पाऊण नसणार, कुरतडून देत असणार. उद्यापासून आपल्याकडची आख्खी घ्यायची, असं तिनं ठरवलं आणि अंगारा कपाळाला लावला.

तो उद्या यायच्या आत वर्षाराणीनं डाग बघितले. ती सासूच्या डोक्याला तेल लावत होती. पदर घसरला आणि तिचा हात थांबला.

"आत्ती, ह्ये कधीपासनं?"

"बादली लागली."

"एवढं? दात घासताना रगत येतंय काय?"

"तुला कशाला पायजे?"

वर्षाराणीनं तेलाची वाटी तिथंच ठेवली. अर्ध्या तासात रिक्षा दारात होती. वाटेत ती सारखी सासूच्या हाताकडं बघत होती, आणि धोंडुबाई तिच्या चेहऱ्याकडं. घाबरलीया, धोंडुबाईला वाटलं. आता उघडं पडणार म्हणून घाबरलीया.

दवाखान्यात रक्त काढलं. डॉक्टरांनी अहवाल दोनदा वाचला. मग त्यांनी धोंडुबाईला सोडून वर्षाराणीकडं बघितलं.

"तुम्ही गोळी किती देता?"

"पाऊण."

"रोज?"

"रोज."

"मग रक्त एवढं पातळ कसं झालं? ही दुप्पट ताकदीची आहे, पाऊणच्या वर जायचं नाही, असं मी फोनवर सांगितलं होतं. तुम्ही जुन्या सवयीनं दीड देत असणार."

"न्हाई सर. चार दिवसांस्नी तीन गोळ्या जात्यात. पाकीट बघा की." वर्षाराणीनं पर्समधून पाकीट काढून टेबलावर ठेवलं. "दिवस मोजा न् गोळ्या मोजा."

डॉक्टरांनी मोजल्या. बरोबर निघाल्या. तरी त्यांच्या कपाळावरची आठी गेली नाही.

"ताई, पाकीट दुसरंही आणता येतं. आज आला नसता तर आजींच्या डोक्यात रक्तस्राव झाला असता. घरात काय चाललंय ते मला कळलं पाहिजे."

वर्षाराणीच्या डोळ्यांत पाणी आलं. धोंडुबाई स्टुलावर बसून ऐकत होती. पाकीट दुसरंही आणता येतं, हे शब्द तिच्या कंबरेला खोचलेल्या चंचीवर येऊन बसले होते. दुसरं पाकीट कुणी आणलं हे त्या खोलीत तिला एकटीलाच ठाऊक होतं. गप्प बसली तर सून खोटी ठरत होती. पण सून खरी कशी, तेही अजून तिला उमगत नव्हतं.

"डॉक्टर," ती म्हणाली, "दुप्पट म्हंजे खरोखरीचं दुप्पट? दिसायला तर तेवढीच हाय."

डॉक्टर मिलिग्रॅमचं काहीतरी सांगायला लागले. धोंडुबाईनं सुनेकडं बघितलं. वर्षाराणीनं डोळे पुसले. रागानंच बोलली, पण नीट समजावून बोलली.

"आत्ती, दोन लिटर दूध आटवून एक लिटर केलं समजा. भांडं भरल्यालं एकच दिसतंय. पण त्यातलं पाऊण लिटर घेतलं तर मूळचं किती पोटात गेलं?"

"दीड," धोंडुबाई म्हणाली.

उत्तर तोंडातून बाहेर पडलं आणि ती थांबली. तिची बेरीज कधीच चुकली नव्हती. पाऊण आणि पाऊण दीड, हे आजही खरं होतं. पण ही पाऊण कशाची, ते तिनं विचारलंच नव्हतं. आटवलेल्या दुधातलं पाऊण आणि साधं पाऊण एकाच मापात धरून ती आठवडाभर मिळवत बसली होती.

तिनं चंची सोडली. तंबाखूत पिवळे पडलेले दोन तुकडे आणि एक फोडलेलं पाकीट टेबलावर ठेवलं.

"हिची पाऊण म्हंजे दीड. माझी पाऊण म्हंजे दीड. तीन जात हुत्या, डॉक्टर. हिच्याकडं नका बघू. मी आणल्या."

डॉक्टरांनी ते पाकीट उचलून आपल्या खणात टाकलं, गोळी तीन दिवस बंद केली आणि पुन्हा रक्त तपासायला बोलावलं. वर्षाराणीला ते "माफ करा, ताई" म्हणाले. तिनं मान हलवली, पण बघितलं खिडकीबाहेर.

दोघी रिक्षात बसल्या. ताराराणी चौक मागं पडल्यावर वर्षाराणी म्हणाली, "तुम्हास्नी काय वाटलं, मी गोळ्या काय केल्या?"

धोंडुबाईनं खोटं बोलायचं टाळलं. "तुझ्या आईला धाडल्यास."

"माझ्या आईला दमा हाय आत्ती. ह्या गोळ्या घेऊन ती काय करणार?" मग थोड्या वेळानं, "तानाकाकूस्नी ठावं हाय?"

"व्हय."

"म्हंजे गल्लीत मी चोर."

"मी सांगीन तिला."

आणि रिक्षातून उतरल्या उतरल्या, घरात पाय न ठेवता, धोंडुबाई तानाबाईच्या दारात गेली. तानाबाई म्हणाली, "मी कुठं काय म्हटलं हुतं, आक्का?" धोंडुबाई म्हणाली, "तू न्हाई म्हटलं. मी म्हटलं. ती खरी हाय, मी खोटी. आता ह्ये बी सगळ्यांस्नी सांग." तानाबाईला ते सांगायला फारसं आवडणार नव्हतं, हे तिच्या तोंडावर दिसत होतं.

वर्षाराणी तेवढ्यानं निवळली नाही. जेवण वेळेवर वाढायची, पण बोलणं मोजकंच. हा अबोला आपल्या मापाचाच आहे, असं म्हणून धोंडुबाईनं तो घेतला. रक्त पुन्हा तपासून झालं, चौथ्या दिवसापासून गोळी सुरू करायची होती. दिवा लावून झाल्यावर वर्षाराणीनं पाकीट, ब्लेड आणि बशी सासूच्या पुढ्यात आणून ठेवली.

"आजपासनं तुमची तुम्ही मोडा. माझ्यावर यायला नको."

ती पुढच्या खोलीत गेली आणि मशीन सुरू झालं. धोंडुबाईनं गोळी बशीत ठेवली. ब्लेड दाबलं. एक तुकडा मोठा झाला, एक बारीक. तिनं तीन तुकडे जुळवून बघितले, मग त्यातला एक बदलला, मग पुन्हा पहिला घेतला. पाऊण होते का जास्त होते, तिला ठरवता येईना. एवढासा पांढरा चुरा, आणि त्यात अलीकडं गाठ, पलीकडं रक्त. लिटरची मापं ओतलेल्या हाताला गोळीचं माप लागेना.

"वर्षे," तिनं हाक मारली. "जरा बघतीस का गं, ही पाऊण झाली काय?"

मशीन लगेच थांबलं नाही. शिवण टोकापर्यंत गेली, दोरा तुटल्याचा आवाज आला, आणि मग वर्षाराणी आली. ती खाली बसली, दिवा जवळ ओढला, ब्लेड घेऊन एका तुकड्याची कड खरवडली आणि तिन्ही तुकडे सासूच्या तळहातावर ठेवले.

"आता झाली."

धोंडुबाईनं ते एकदा उलटे करून बघितले, आणि तोंडात टाकले.