रजिस्टरमधली लाल दुरुस्ती

देवाला नमस्कार करते, पण भूतबित म्हटलं की हसणाऱ्यांतली मी. ही २००३ची गोष्ट अजून माझ्याच गळी उतरत नाही, म्हणून लिहितेय.

नाशिकरोडला आमच्या ब्लॉकच्या मागच्या खोलीत दादाने तीन जुन्या कॉम्प्युटरची लॅब उभी केली होती. लाईट कितीदाही जावो, एक फाईल हरवायची नाही! कारण त्याचं रजिस्टर. कुठली वायर कुठे, बॅकअप कसा... सगळं निळ्या शाईत. बदल मात्र लाल पेनने, सही-तारखेसकट. मी न विचारता काही हलवलं की म्हणायचा, "चिमे, कान धर." चिमी मला तो एकटाच म्हणायचा, तेही त्या खोलीतच.

दादा बाईकच्या अपघातात गेला. सहा महिन्यांनी त्याचा मित्र संजय आला. दादाच्या पद्धतीवर क्लास काढतोय, रजिस्टर टाईप करून घेतो, म्हणाला. रजिस्टर नेलं आणि अर्धं टाईप करून, रजिस्टरसकट दाखवायला आणलं... पहिल्या पानावर नाव संजयचं! दादाचं कुठेच नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"उरलेलं देतेस ना गं?"

"उद्या ने की," मी गोड हसून म्हटलं.

त्या दुपारी बॅकअपच्या पानावर व्हाईटनर लावला. 'डिस्क एकवरून दोनवर' होतं, ते 'दोनवरून एकवर' केलं. म्हणजे रिकामी डिस्क भरलेलीवर चढणार आणि सगळं पुसलं जाणार. होऊ दे मेल्याचं वाटोळं! दुसऱ्या दिवशी रजिस्टर मीच त्याच्या हातात दिलं.

पंधरा दिवसांनी संजय पेढे आणि रजिस्टर घेऊन हजर. "क्लासची डिस्क उडाली होती गं. पण रजिस्टरप्रमाणे रोज बॅकअप घेत होतो, सगळं वाचलं बघ!"

मी रजिस्टर हिसकावूनच घेतलं. माझे आकडे लाल रेघेने खोडलेले, वर खरे लिहिलेले. बाजूला दादाचं अक्षर, दादाची सही, आणि तारीख मी रजिस्टर दिलं त्या दिवसाची — "न विचारता बदल. चिमे, कान धर."

"हे कोणी लिहिलं?"

"म्हणजे? तूच दिलंस ना असं?"

आकड्यांचं संजयला कळलंही असेल एकवेळ, पण चिमी? आई-बाबा तर त्या खोलीत पाऊलही टाकत नव्हते. आणि दादाचं लाल पेन माझ्या कपाटात, कुलपात होतं.

इतकी वर्षं झाली, उत्तर नाही. रजिस्टरमध्ये चुकीची ओळ त्याला कधीच खपायची नाही, हे मला माहीत आहे. पण ज्याने त्याचं नाव पुसलं त्यालाच वाचवायचं? संजयला मी माफ केलेलं नाही. दादालाही नाही.

आणि कान... ते मी अजून धरलेले नाहीत.