गाडयेचो वाटो

कसालच्या तिठ्यावर एसटीतून उतरले, तर मला न्यायला दोन रिक्षा. एकीसमोर इनास, दुसरीसमोर बाबल, आणि दोघांच्याही हातात सोललेलं शहाळं. एकाचंच घेतलं असतं तर निकाल तिथेच लागला असता. म्हणून दोन्ही घेतली, बॅग बाबलच्या रिक्षात टाकली आणि स्वतः इनासच्या रिक्षात बसले. बाबलचं तोंड एवढंसं झालं. शेवटी वाटेतलं कट्टा गाव आलं की बॅगेची आणि माझी अदलाबदल करायची, असं ठरलं.

मी पुण्याच्या एका वाहनविषयक मासिकासाठी गाड्या चालवून बघते आणि त्यांना पाचपैकी तारे देते. दोन हजार सात-आठच्या सुमाराची ही गोष्ट. क्वाड बाइक, म्हणजे मोटरसायकलचं हँडल, मोटरसायकलची सीट आणि खाली चार गलेलठ्ठ चाकं, ही चीज तेव्हा आपल्याकडे नवलाची होती. संपादकांनी फर्मावलं, "दोन क्वाडची तुलना कर. शर्यतीला कुठली, रानवाटेला कुठली." दोन्ही एकाच गावात मिळतील असं ठिकाणही त्यांनीच शोधलं होतं. तोंडवळी, मालवणच्या उत्तरेचा लांबलचक किनारा. मासे खायला मिळणार म्हणून मी हो म्हटलं. गाड्यांचं काय, पुण्यातही असतात.

खरी गोम इनासने रिक्षात सांगितली. दोघांनी गोव्याहून जुन्या क्वाड आणल्या होत्या, पर्यटकांना वाळूवर फिरवायला. पण किनारा रापणकरांचा. रापण म्हणजे किनाऱ्यावर उभं राहून दोन टोकांच्या दोऱ्यांनी ओढायचं भलंमोठं जाळं. रापणकरांचे म्होरके तात्या तांडेल. त्यांनी बजावलं होतं, किनाऱ्यावर एकच गाडी चालेल, दुसरी दिसली तर समुद्रात ढकलीन. आणि कुठली ठेवायची ते पुण्याची बाई ठरवेल! हे पुण्याच्या बाईला कोणी कळवलंच नव्हतं.

"आणि जो हरेल त्याने काय करायचं?" मी विचारलं.

"बाबलाक बापसाची होडी आसा," इनास म्हणाला. "माका परत जहाजार जावचां लागतलां. गेल्या खेपेक घराक इलंय, तर माझां चेडू माका बघून दारामागे लपलां. कोण काका इलो, म्हणान आवशीक विचारी होतां."

माझ्या ताऱ्यांमुळे आजवर फार तर एखाद्या कंपनीचा साहेब रुसला असेल. कोणाला लेकीपासून तोडून जहाजावर धाडायची वेळ आली नव्हती. मी उरलेलं शहाळं गुपचूप संपवलं.

दुपारी बाबलच्या काकीने तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं वाढलं. रात्री इनासच्या बायकोने सुरमई तळली आणि वर हातभर उंच पेल्यात सोलकढी दिली. तिची मुलगी आता बापाच्या मांडीवर बसून त्याच्याच ताटातली तुकडी पळवत होती. पंचाला फितवण्याचा इतका उघड आणि इतका चविष्ट प्रयत्न मी पाहिला नव्हता. मी दोन्हीकडे मनापासून फितूर झाले.

सकाळी गाड्यांची ओळख झाली. बाबलची तांबडी टू-स्ट्रोक, निव्वळ शर्यतीचं जनावर. रुंद, बुटकी, धूर ओकणारी. अंगठ्याने अॅक्सिलरेटर अर्धा दाबेपर्यंत ती झोपलेली असते, आणि मग पाठीत लाथ बसावी तशी उधळते. इनासची निळी फोर-स्ट्रोक, अंगाने अरुंद. बटण दाबलं की चालू, सांगितलं तर मागेसुद्धा जाते. वागणं एकदम शाळामास्तरी. ओल्या वाळूवर तांबडीने निळीला असं मागे टाकलं की मला इनासकडे बघवेना. मी स्वतः तांबडी चालवली तेव्हा "आई गं" म्हणायला तोंड उघडलं आणि ते मिटेपर्यंत सुरूचं बन संपलं होतं.

रानवाटेला मात्र उलटं झालं. दोन गडग्यांमधून (जांभ्या दगडांच्या बुटक्या भिंतींमधून) जाणाऱ्या पाणंदीत मी तांबडी घातली आणि ती बाटलीत बूच बसावं तशी बसली. तिला रिव्हर्स गिअर नाही. गडग्यापलीकडून एका आजींनी डोकं वर काढलं.

"काय गो, खंय चललंस?"

"कुठेच नाही. अडकलेय."

"अडाकतलंच. हयसून म्हस सुदीक आंग चोरून जाता."

बाबल आणि इनासने मागून धरून मला गाडीसकट ओढून काढलं. ओढताना इनास गालातल्या गालात हसत होता, पण ओढत होता जोरात. त्याची निळी त्याच पाणंदीतून सुळकन गेली. म्हणजे एक-एक. शेवटी असं ठरलं की दुसऱ्या दिवशी दोघांनी आपापली गाडी किनाऱ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पळवायची, जाताना ओल्या वाळूवरून, येताना सुरूच्या बनातून, आणि सोक्षमोक्ष लावायचा. मला सुटल्यासारखं वाटलं. निदान निर्णय माझ्या हातचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी मसुऱ्याला आंगणेवाडीची जत्रा. अर्धं गाव देवीकडे गेलेलं. तात्या काठीने वाळूत रेघ ओढत होते, गाड्या गुरगुरत होत्या, एवढ्यात तात्या ओढता ओढता थांबले. जरा आत पाण्याचा रंग गडद झाला होता आणि वर पक्षी तुटून पडत होते. मासळीचा थवा! काठी टाकून ते होडीकडे धावले. शर्यत रद्द झाली हे सांगण्याचीही तसदी त्यांनी घेतली नाही.

होडीने जाळं सोडत मोठा वळसा घातला आणि दोन्ही दोऱ्या किनाऱ्यावर आल्या. एरवी अख्खी वाडी ओढायला असते. आज म्हातारे, थोड्या बायका आणि पुण्याची एक बाई. आम्ही ओढलं, जाळं हललं नाही. उलट दोरीच आम्हाला समुद्राकडे नेऊ लागली. इतकी मासळी आत आली होती.

"ती दोन्ही सैतानां हाडा हयसर!" तात्या ओरडले.

एका दोरीला तांबडी बांधली, एकीला निळी. आणि व्हायचं तेच झालं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, माना खाली घातल्या आणि अंगठे दाबले. तांबडी आधी झोपली, मग उधळली आणि मागच्या चाकांनी वाळूत खड्डा खणून त्यातच बसली. निळी संथपणे पुढे निघाली. उरलेल्या गावासमोर, माझ्यासमोर, इनास चक्क जिंकत होता.

"मेल्यांनू, शर्यत न्हय ती!" तात्या दोन्ही गाड्यांच्या मध्ये नाचत होते. "येक दोरी फुडे गेली तर जाळां तिरक्यां जातलां! म्हावरां भायर!"

इनासने मागे पाहिलं, तात्यांकडे पाहिलं आणि तो ब्रेक दाबून जागच्या जागी थांबला. दोरी त्याला मागे खेचत होती, तो दात खाऊन गाडी धरून बसला. "बाबल, जोर देव नको," तो ओरडला. "दुसऱ्या गिअरात घाल! क्लच हळू सोड! मी थांबलंय!"

मला त्याच्या मांडीवरची ती मुलगी आठवली. शहाण्या, दोन मिनिटं पुढे गेला असतास तर घरी राहिला असतास, असं ओरडून सांगावंसं वाटलं. पण मीसुद्धा दोरीलाच होते.

आम्ही तांबडीला खड्ड्यातून उचललं. मग दोन्ही गाड्या निघाल्या, एकमेकींकडे बघत, नव्या नवरानवरीच्या चालीने. शर्यतीला निघालेल्या गाड्या इतक्या सावकाश चालवणं किती अवघड असतं, हे मी लिहिलं तर कोणी तारे देणार नाही. दोऱ्या सारख्या राहिल्या. जाळं सरळ आलं. आणि वाळूवर बांगड्यांची चांदी सांडली, तेव्हा म्हाताऱ्यांनी टोप्या उडवल्या.

मग वाटे लागले. रापणीचा रिवाज असा की होडीचा एक वाटा, जाळ्याचा एक, आणि दोरीला लागलेल्या प्रत्येक माणसाचा एक. सगळे लावून झाल्यावर तात्यांनी आणखी एक ढीग केला.

"ह्यो कोणाचो?" बाबलने विचारलं.

"गाडयेचो."

"खंयच्या गाडयेचो?" दोघांनी एकदमच विचारलं.

"दोरये दोन, पण रापण येकच मां?" तात्या म्हणाले. "मगे गाडी पण येकच. येक वाटो, येक जागा. दोगांनी मिळान चालवा, नायतर दोनव समुद्रात."

इनास तिथेच वाळूत फतकल मारून बसला. हसतोय की रडतोय ते कळेना. बाबल त्याच्या शेजारी बसला आणि लगेच दोघांचं ढिगातल्या सर्वांत मोठ्या बांगड्यावरून भांडण सुरू झालं. मला इतका आनंद झाला की मी उगाचच निळीचा हॉर्न शोधू लागले. निळीला हॉर्न नव्हता.

"बाय, ह्यो तुझो," तात्यांनी एक ढीग माझ्याकडे सरकवला.

"तात्या, मी कुठे ओढलं? नुसती लोंबकळत होते."

"तां दिसलां माका," ते म्हणाले. "पण सोडूक नाय मां?"

परतीच्या एसटीत माझ्या बॅगेतला बर्फ घाट लागायच्या आधीच वितळला. कंडक्टरने नाकाला रुमाल लावला आणि मग हळूच विचारलं, "ताजे आहेत का?" त्याला चार दिले. उरलेले पुण्यात माझ्या इमारतीतल्या तीन घरांनी खाल्ले आणि दोन घरांनी तक्रार केली. लेखात मी तांबडीला शर्यतीचे तारे दिले, निळीला रानवाटेचे, आणि शेवटी रापणीचा परिच्छेद लिहिला. तो संपादकांनी विषयाला सोडून म्हणून कापला. बॅगेचा वास मात्र त्यांना कापता आला नाही, बॅग ऑफिसचीच होती आणि अजून तिथल्या कपाटात आहे.

गाडी माणसाला पुढे नेते, एवढ्यावरच मी आजवर तिचे गुण मोजत आले. थांबता येण्याचा रकाना आमच्या तक्त्यात नव्हता. पुढच्या लेखात मी तो घातला. संपादकांनी तोही काढला.

वर्ष होत आलं तेव्हा इनासचा फोन आला, घरूनच. मागे त्याची मुलगी "माका बोलूचां आसा" म्हणून रिसिव्हर ओढत होती. दोन्ही गाड्या एकाच पाटीखाली चालतात, म्हणाला, आणि भांडण रोज होतं.

"मॅडम, तात्यान निरोप दिल्यान," तो म्हणाला. "जत्रा इली, हात कमी पडतत. लोंबाकळूक येवा, म्हणाले."

गाड्या चालवायला मला पुष्कळ जणांनी बोलावलंय. लोंबकळायला कोणी बोलावलं नव्हतं. मी लगेच कसालचं तिकीट काढलं, आणि या खेपेला बॅग प्लास्टिकची घेतली.