सखा भोपीची जन्मतारीख

सखा भोपीला मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते १९८८ च्या मार्चमध्ये, बदलापूरला माझ्या घराच्या दारात. बत्तीस वर्षांचा, बुटका, अंगाने बारीक माणूस. हात नखांपासून पार मनगटापर्यंत तपकिरी झालेले. उल्हासनगरला फर्निचरच्या दुकानात तो लाकडाला पॉलिश करायचा. हातात एक कागद होता आणि डाग पडू नये म्हणून त्याने तो दोन तळव्यांच्या मध्ये धरला होता.

"गुरुजी, ही सही तुमचीच ना?"

शाळा सोडल्याचा दाखला होता तो. सही माझीच. वांगणीजवळच्या एका गावात मी एकशिक्षकी शाळेवर असतानाची. म्हणजे चार वर्षं हा मुलगा माझ्यासमोर बसला होता आणि मला त्याचा चेहरासुद्धा आठवत नव्हता. तसं मी त्याला सांगितलं.

"मी मागं बसायचो," तो म्हणाला. चूक त्याचीच असल्यासारखा.

मग त्याने मला दाखल्यावरची जन्मतारीख दाखवली. एक जून १९५७.

"माझा बाप वाळू भोपी पंचावन सालच्या श्रावणात पान लागून, साप चावून गेला. भाताच्या खाचरात. आता तुम्हीच सांगा, मी कधी जन्मलो?"

मी बोटांवर हिशेब केला. बाप गेल्यावर पावणेदोन वर्षांनी.

खरवई या त्यांच्या गावची भोपींची जमीन त्या वर्षी एका बिल्डरला द्यायचं चाललं होतं. वारस म्हणून सखाने अर्ज केला, तेव्हा त्याचा सख्खा चुलता भगवंत तलाठ्यासमोर म्हणाला, "हा आमच्या वाळूचा नाहीच. मास्तरनं लिहिलंय ते बघा." वाळूचं नाव सखाच्या आईने, अंजनीने, शाळेत खोटंच सांगितलं, असं त्याचं म्हणणं.

ती तारीख मी कशी लिहिली, हे मला आठवायची गरज नव्हती. तेव्हा सगळ्याच मुलांची तशी लिहायचो. आईबापांना तारीख माहीत नसे. मुलाला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला सांगायचं. कान हाताला लागला की मूल सहा वर्षांचं, आणि शाळा जूनमध्ये सुरू होते म्हणून तारीख एक जून. सखाला १९६३ साली घातलं, म्हणून सत्तावन. तो सव्वासात वर्षांचा असेल, पण उपासमारीत वाढलेलं खुरटं पोर, कान जेमतेम हाताला लागला असेल. मी सहा धरले. अंजनी शेजारी उभी असणार. तिला वाचता येत नव्हतं.

"मी माघातला," सखा म्हणाला. "बाप गेला तेव्हा मी आईच्या पोटात होतो. चौदावा झाला आणि ती माहेरी आली. असेपर्यंत तिनं मला खरवईत पाऊल ठेवू दिलं नाही. का, ते सांगितलं नाही. आता तीही नाही विचारायला."

"मग आता जमिनीसाठी कशाला..."

"जमीन गेली तर जाऊ दे, गुरुजी. बकुळा माझी मोठी होतेय. उद्या पाहुणे विचारतील, हिचा आजा कोण? मी कुणाचा, ते तरी कुणी ठरवून द्या."

त्या दिवसापासून जवळजवळ सहा वर्षं मी त्याच्याबरोबर हिंडलो. जुनं हजेरीपुस्तक काढलं; त्यातही माझंच अक्षर. शाळा सोडल्यावर तारीख बदलता येत नाही, हा नियम मीच त्याला वाचून दाखवला. त्याच्या आजोळच्या गावची जन्माची वही कचेरीत शोधली. छप्पन सालच्या वहीला वाळवी लागली होती. कारकुनाने कागदात गुंडाळून ठेवलेला तो लगदा आम्हाला दाखवला. अंजनीचं बाळंतपण केलेली सुईण वारली होती. सखाने कोर्टात दावा लावला. मामा साक्षीला तयार होता, पण सखाचे वकील म्हणाले, मामा भाच्याच्या बाजूनेच बोलणार, त्याला किंमत नाही.

सखाचे शेठ पेसूमल यांना या सगळ्याचा वैताग यायचा. "अरे साईं, फिर छुट्टी? और ये कपाट का पॉलिश कौन करेगा, तेरा चाचा?" असं म्हणायचे, पण सुट्टी द्यायचे.

१९८९ साली मतदार यादीचं काम आम्हा शिक्षकांकडे आलं आणि मी खरवई मागून घेतली. भगवंताच्या घरी दुपारी गेलो. पुरुषमाणसं नव्हती. ओटीवर सगुणाबाई तांदूळ निवडत बसली होती. भगवंताची आणि वाळूची थोरली बहीण, तरुणपणी विधवा होऊन माहेरी आलेली.

"वय काय लिहू, आजी?"

"लिव्ह तुझ्या मनानं. तुमी मास्तर लोक लिवताच की."

मी पेन खाली ठेवलं. ती हसत होती, पण डोळे सुपातच होते.

"सखा भोपीचा मास्तर तू," ती म्हणाली. "मना ठाव हाय."

"मीच. चुकलो मी. पण तुम्हाला काही माहीत असेल तर..."

तिने आत पाहिलं. सुना मागच्या दारी होत्या. मग ती तांदळाशी बोलावं तशी बोलू लागली.

"वाळू गेला तवा अंजनीला तिसरा महिना. मीच वकाऱ्या काढल्यात तिच्या. चौदाव्याच्या दुसऱ्या दिशी भगवंत तिला बोलला, माझी म्हणून ऱ्हा. ह्याची बायको पडवीत निजलेली, आन ह्यो असा बोलतो. अंजनीनं त्याच्या तोंडावर तांब्या फेकला न् निघून गेली. तवापासून तो बोलतो, पोर आमचं नाय."

"आणि बारसं?"

"मीच गेल्ते. आत्याबिगर नाव कोन ठेवनार? रानात लाकडाला जाते सांगून गेले, कुंची पदराखाली धरून. सखा नाव मी घातलंय त्याच्या कानात." सुपातला एक खडा तिने अंगणात भिरकावला. "चांगलं पोर हाय का रं?"

"चांगला आहे."

"येऊ नको सांग हिकडं."

मी विचारलं, कोर्टात हे सांगाल का? तिने सूप पुढे ओढून घेतलं. मी तिचं वय पासष्ट लिहून उठलो.

कल्याणच्या कोर्टात १९९२ साली माझी साक्ष झाली. भगवंताचे वकील हुशार होते.

"गुरुजी, ही तारीख तुम्ही अंदाजाने लिहिली म्हणता. म्हणजे सरकारी दप्तरात खोटं लिहिलंत?"

"खोटं नाही. तशी पद्धत होती."

"तुमची स्वतःची जन्मतारीख काय?"

"एक जून."

सगळं कोर्ट हसलं. न्यायाधीशही हसले.

"ती तरी खरी आहे का?"

"ते माझ्या गुरुजींना विचारावं लागेल," मी म्हणालो. पुन्हा हशा झाला. सखा हसला नाही. मी पिंजऱ्यातून उतरलो तेव्हा सखाचे वकील मला म्हणाले, तुमच्या साक्षीने फायदा काहीच झाला नाही. लिहिणाराच म्हणतो मला माहीत नाही, मग कागदच खरा धरणार. सखा माघात जन्मला हे मी नुसतं ऐकलं होतं, आणि ऐकीव गोष्ट कोर्टात चालत नाही. मला फक्त तो जूनचा नसणार, एवढंच माहीत होतं.

दोन तारखांनंतर सगुणाबाईला बोलावलं. तिला भगवंतानेच गाडीतून आणलं, आणि तो समोरच्या बाकावर बसला. नवं पातळ नेसवलं होतं तिला. सखाच्या वकिलांनी विचारलं, अंजनीच्या मुलाच्या बारशाला तुम्ही गेला होतात का?

ती कठड्यावरून बोट फिरवत राहिली. मी खालून तिच्याकडे पाहत होतो. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, भगवंताकडेही नाही. सखाकडे मात्र पाहिलं, एकदाच, पायांपासून डोक्यापर्यंत.

"मना काय आठवत नाय," ती म्हणाली.

"नाव कोणी ठेवलं, तेही नाही?"

"म्हातारं मानूस मी. नाय आठवत."

जिन्याखाली मी संतापून बोलायला लागलो. ओटीवर तिने मला सांगितलेलं सगळं सखाला माहीत होतं. त्याने मला थांबवलं. "ती जाईल कुठं, गुरुजी? तिला तर त्याच घरात जेवायचंय ना?" मग पाण्याच्या पिंपाजवळ जाऊन त्याने दोन पेले पाणी आणलं, आधी मला दिलं.

१९९३ च्या डिसेंबरात निकाल लागला. सखा हा मयत वाळू भोपी याचा मुलगा असल्याचं सिद्ध होत नाही. वकील म्हणाले, वर जाता येईल. सखाने विचारलं, वर गेलं की कागद बदलेल का? वकील म्हणाले, कागद तोच राहणार. सखाने मान हलवली आणि दुपारच्या पाळीला दुकानात गेला.

पुढच्या वैशाखात सगुणाबाई गेली. निरोप सखाला कुणी दिला नव्हता. मला कळला, मी दिला. आम्ही उल्हास नदीकाठच्या स्मशानात पोहोचलो तेव्हा तिरडी येत होती. सखा खांदा द्यायला पुढे झाला. भगवंताच्या थोरल्या मुलाने त्याच्या छातीला हात लावून मागे सारलं. "घरची माणसं हायेत," तो म्हणाला. शिव्या नाहीत, आरडाओरडा नाही. गावचे चारपाच जुने लोक होते, त्यांनी माना खाली घातल्या. मीही तिथेच होतो. शाळेत दोन मुलं भांडली तर मला मध्ये पडता येत असे. इथे काय म्हणून पडणार होतो? सखा माझ्याशेजारी येऊन उभा राहिला. चिता पेटली आणि माणसं पांगली, तेव्हा त्याने वाकून नदीचं पाणी तोंडावर मारलं आणि म्हणाला, "तुमची पाचची गाडी चुकेल, गुरुजी."

त्यानंतर वर्षभराने बकुळाचं लग्न झालं. मुलाकडच्यांनी काही विचारलं नाही, की विचारून गप्प बसले, ते मला माहीत नाही. पत्रिकेवर काय छापावं म्हणून सखा माझ्याकडे आला होता. मी म्हणालो, वाळू भोपी यांची नात, असं छाप. तो म्हणाला, कुणी वकील लावला तर? त्याने आजोबाचं नाव न घालता पत्रिका छापली.

बकुळाला बदलापुरातच, कात्रपला दिली आहे. सखा उल्हासनगरला कॅम्प नंबर चारमध्ये भाड्याच्या खोलीत राहतो आणि त्याच दुकानात पॉलिशचं काम करतो. महिन्यातून एकदा तो लेकीकडे जेवायला जातो. खरवई तिथून पायी जाण्याइतकी जवळ आहे. तिच्या लग्नाला पाच वर्षं झाली, पण तो तिथे एकदाही गेलेला नाही.